कागदी चलनाचा सचित्र इतिहास : ग्रंथरचनेचा विचार (विशेष संदर्भ : उरण)

प्रस्तावना
कागदी चलनावरील सचित्र ग्रंथांची मांडणी बहुधा राजांच्या छबींच्या क्रमाने केली जाते. अशा क्रमात नोट काढणारी सत्ता दिसते. नोट बाळगणारा माणूस मात्र दिसत नाही. ही उणीव ग्रंथाच्या रचनेतूनच कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांकडून सरकारकडे गेला. व्हिक्टोरिया राणीची छबी असलेल्या पहिल्या सरकारी नोटा एकाच बाजूस छापलेल्या असून त्यांवर दोन भाषापट्ट्या होत्या. पुढील मालिकांत त्या चार व नंतर आठ झाल्या. प्रारंभी नोट केवळ आपल्या चलन-मंडलातच वैध असे. मिठागरांचे उरण मुंबई इलाख्यात, म्हणजेच मुंबई मंडलात होते. कलकत्ता मंडलाची नोट येथे वैध चलन नव्हती. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सर्वत्र वैध झाल्या. टपालातील चोरी टाळण्यासाठी नोट कापून एक अर्धा भाग आधी पाठवीत आणि पोच मिळाल्यावर दुसरा. पहिल्या महायुद्धकाळात, १९१७ मध्ये, एक रुपयाची नोट निघाली. १९२८ पासून नाशिकच्या मुद्रणालयात नोटांची छपाई होऊ लागली.

मांडणीची सूत्रे
प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी चलन-मंडलांचा नकाशा असावा. त्यावर उरणसारखी गावे दाखविल्यास नोटेची पोहोच वाचकास उमगेल. जलचिन्हाचे चित्र प्रकाश मागून टाकून घ्यावे. कापलेल्या अर्ध्या नोटांना संपूर्ण नोटेइतकेच स्थान द्यावे, कारण वापराचा पुरावा त्यांतच आहे. १९४६, १९७८ व २०१६ च्या निश्चलनीकरणांना स्वतंत्र प्रकरण हवे.

नोटेचा आकार हाही पुरावाच होय. तथापि चलनी नोटेसारखा भासणारा दस्तऐवज छापणे पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४८९-इ अन्वये दंडनीय होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ अन्वये ते दंडनीय आहे. म्हणून हुबेहूब प्रतिकृतीऐवजी नोटेचा अंश मोठा करून छापावा व शेजारी मापपट्टी द्यावी.

निष्कर्ष
नोट हे मूलतः एक वचन आहे. ते कोणी दिले, याबरोबरच ते कोठवर पाळले गेले, हेही ग्रंथाने दाखविले पाहिजे. तसे झाले तरच चित्रे ही केवळ सजावट न राहता इतिहासाची साधने ठरतील.