मालदांडीच्या रानात एक दिवस

हातातला कॉफीचा कप खाली ठेवा आणि अंगावर जुनं, जाडं काहीतरी घ्या. आपण निघालोय १९३० च्या दशकातल्या मंगळवेढ्याला. महिना माघाचा, वेळ पहाटेची. तिथे चहा मिळेल न मिळेल, ज्वारी मात्र पोटभर मिळेल.

डोळे उघडा. अजून झुंजुमुंजू झालेलं नाही. गारठा नाकात शिरतोय आणि चारी बाजूंनी कोरड्या पानांची सळसळ चाललीय. हात वर करा. बोटांना दवानं ओलं झालेलं कणीस लागेल. तुम्ही उभे आहात मालदांडी ज्वारीच्या ऐन मधोमध, आणि ती तुमच्यापेक्षा उंच आहे. उजाडलं की कळेल, नजर जाईल तिथवर हेच आहे. ना कुंपण, ना विहीर, ना सावलीला झाड. काळं रान आणि त्यावर उभं पिवळं पीक.

"आवं पावनं, हुबं काय ऱ्हायलाय? पात धरा की!"

झालं, तुम्ही आता काढणीला आहात. विळा शोधू नका, इथे ज्वारी उपटतात. कापली तर वीतभर कडबा रानातच राहील, आणि बैलांची वर्षाची बेगमी त्या कडब्यावरच आहे. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरा, टाच रोवा, कमरेतून हिसका द्या. आलं मुळासकट? आता बुडखा पायावर आपटा, म्हणजे ढेकूळ गळून पडेल, आणि ताट आडवं टाका. पुढचं धरा. शेजारची बाई बोलता बोलता तुमच्या दहा ताटं पुढे गेलीय. तिचे तळवे एकदा बघून घ्या. तुमच्या तळव्यांना न्याहारीच्या आतच फोड येतील. दव आहे तोवर पानं मऊ असतात, म्हणून ही पहाटेची घाई. ऊन चढलं की तीच पानं हाताला कापतात आणि मानेवर कूस चिकटून आग आग होते.

दम खायला थांबलात तर खाली बघा. जमिनीला एवढ्या भेगा पडल्यात की मनगटापर्यंत हात आत जाईल. घालून बघा. वर चटका बसतोय, पण खोलवर बोटांना गारवा लागतो. या रानाचं सगळं गुपित त्या गारव्यात आहे. हस्ताचा पाऊस पडला, वाफसा आला, तिफण चालली. त्यानंतर चार महिने आभाळातून बहुधा काही येत नाही. काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर हे पीक उभं राहतं. म्हणून थंडीत कोळपं फिरवायचं. तण निघतं, भेगा बुजतात, ओल उडत नाही. हे शहाणपण इथल्या म्हाताऱ्यांकडे पिढ्यांपासून आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून तेच मोजून पाहताहेत: बांध घालून किती पाणी मुरतं, बी कमी आणि ओळींत अंतर जास्त ठेवलं तर ताटाला किती ओल मिळते.

भूक लागली ना? बांधावर बसा. फडक्यातून भाकरी निघते, रुंद, पांढरी, कडेला जरा करपलेली. वर शेंगाची चटणी आणि मुठीनं फोडलेला कांदा. घास मोडा. भाकरी सकाळची आहे तरी मऊ आहे, आणि चावली की हळूहळू गोडी उतरते. पलीकडचे आजोबा विचारतात, "कसा हाय आमचा शाळू?" तोंड भरलेलं असेल तर नुसती मान हलवा. त्यांना तेवढं पुरतं.

दुपारनंतर बायका आडव्या पडलेल्या ताटांची कणसं मोडायला बसतात. कट्, कट्, कट्, आणि पाट्या भरत जातात. त्यांच्यात एक वयस्क आजी आहेत. त्यांच्याजवळ बसा आणि नीट बघा. शंभर कणसं त्यांच्या हातून जातात आणि एखादंच त्या ओच्यात टाकतात. ओच्यातलं एक उचला. शेंड्यापर्यंत भरलेलं, दाणा टपोरा, मोत्यासारखा, कुठे काणीचा काळा डाग नाही. आजी ताटही चाचपून घेतात. खडखड्यानं पोकळ झालेल्या, लोळलेल्या ताटाचं कणीस कितीही भरलेलं असलं तरी ते बियाण्यात जात नाही. ही निवडक कणसं घरात आढ्याला टांगली जातील आणि पुढच्या हस्तापर्यंत चुलीचा धूर खात राहतील. उपास पडला तरी त्यांना कुणी हात लावणार नाही.

संध्याकाळी खळ्यावर चला. शेणानं सारवलेल्या जमिनीच्या मधोमध तिवडा रोवलाय आणि मुसकी बांधलेले बैल त्याभोवती फिरताहेत. खुरांखाली कणसं चुरली जातात, धूळ उडते, शेणाचा, घामाचा आणि भुशाचा वास एकमेकांत मिसळतो. वारा सुटला की एक गडी वावडीवर चढतो आणि पाटी तिरपी करतो. भूस वाऱ्यावर जातं, दाणे सरसर खाली येतात. तोंड उघडं ठेवू नका. रास पडली की खळं माणसांनी भरतं: सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, महार. वर्षभर केलेल्या कामाचं बलुतं आज मोजून घ्यायचं असतं. कुणाचं माप कमी पडलं यावरून आवाज चढतात.

उरलेलं धान्य जमिनीखालच्या पेवात जातं. तिकडे एक जुनं पेव आज उघडलंय. जवळ जा, पण वाकू नका. आतून कोंदट, ऊन, आंबूस वाफ येते आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. आधी दोरीला बांधून कंदील सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही, कारण आतली हवा माणूस मारते. तो जळत राहिला की मगच गडी पायांनी चाचपत खाली जातो. काठावरची माणसं तेवढ्यात दामाजीपंतांची गोष्ट काढतात. दुष्काळात त्यांनी बादशाहाची कोठारं गोरगरिबांना उघडून दिली, ती याच गावात. इथे ती काल घडल्यासारखी सांगतात.

आता एक उडी मारू. भीमा ओलांडून उत्तरेला, मोहोळच्या संशोधन केंद्राच्या रानात. इथेही मालदांडीच आहे, पण प्रत्येक ओळीच्या तोंडाशी खुंटी आणि खुंटीवर आकडा. गावरान मालदांडीत सगळी ताटं सारखी नसतात. एखादं लवकर निसवतं, एखादं कोरड सोसतं, एखादं खोडमाशीला आधी बळी पडतं. म्हणून एका कणसाचे दाणे एका ओळीत पेरायचे, पोंगे किती मेले, दाणा कसा भरला हे लिहायचं, हलक्या ओळी सोडायच्या आणि चांगल्या पुन्हा पेरायच्या. वर्षामागून वर्षं. उन्हात वाकून कणीस पारखणारा माणूस आणि मघाच्या आजी, दोघांचे हात सारखेच फिरतात. फरक वहीचा आहे. तुमच्या कपातल्या कॉफीचंही हेच चाललंय: चिकमगळूरकडे बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये निघालेल्या केंद्रात अरेबिकाची झाडं अशीच पारखताहेत, तांबेरा सोसणारं बी हाती लागावं म्हणून. मोहोळच्या या ओळींतून बाहेर आली ती मालदांडी ३५-१.

या परत. पाठ धरलीय ना? राहू द्या थोडा वेळ. पुढचं थोडक्यात सांगतो. त्या वाणानं रब्बीची रानं पिढ्यान् पिढ्या व्यापली. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं पुढे फुले वसुधा, फुले रेवती असे नवे वाण दिले, तरी नव्या वाणाची परीक्षा घ्यायची तर शेजारी तुलनेला मालदांडी ३५-१ पेरण्याची रीत पडली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

यात केंद्राचा वाटा मोठा आहे, आणि मी तो कमी लेखत नाही. पण मोहोळच्या ओळींत जे पेरलं गेलं ते आधी कुणीतरी राखलं होतं. ज्या बायकांनी उपाशी दिवसांतही आढ्यावरच्या कणसाला हात लावला नाही, त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. काढणीला आज माणूस मिळत नाही, आणि पाणी पोचलं तिथे ऊस लागतो. तेव्हा पुढच्या वेळी बाजारात ज्वारी घ्याल तर मालदांडी मागा, ती कोणत्या रानातली हे विचारा आणि शेतकऱ्यानं सांगितलेल्या भावात घासाघीस करू नका. त्या एका दाण्यामागे किती हिसके असतात, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.