एका देवीचं स्वागत, एका देवावर पहारा

ग्रीकांचा झ्यूस रोममध्ये ज्युपिटर म्हणून ओळखला गेला, हेरा झाली जुनो. त्यामुळे आपला एक समज होतो की रोमन लोक परक्या देवांना सहज आपलंसं करत. हे कितपत खरं आहे? आज आपण अठरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून बघूया.

पहिली घटना इ. स. पूर्व २०४ ची. कार्थेजशी युद्ध चालू होतं आणि हानिबाल अजून इटलीत ठाण मांडून होता. रोमने आपले भविष्यकथनाचे सरकारी ग्रंथ उघडले. त्यातून सल्ला निघाला की आशिया मायनरमधली महामाता सिबेली इथे आणा. परगाममचा राजा अटॅलस याच्या मदतीने देवीची काळी शिळा जहाजातून आली. पुढे इ. स. पूर्व १९१ मध्ये पॅलेटाइन टेकडीवर, म्हणजे शहराच्या अगदी काळजात, तिचं देऊळ उभं राहिलं. तिच्या उत्सवात नाटकं होऊ लागली; टेरेन्सची नाटकंही तिथेच झाली. आता गंमत बघा. या देवीचे पुरोहित स्वतःचं पुरुषत्व कापून टाकत. रोमन माणसाला हे भयंकरच वाटायचं. मग तोड काय काढली? देवी आपली, पण रोमन नागरिकाने तिचा पुरोहित व्हायचं नाही.

दुसरी घटना इ. स. पूर्व १८६ ची. देव बाकस, म्हणजेच ग्रीकांचा डायोनिसस. त्याची गुप्त पूजा इटलीभर पसरली होती. लिव्ही हा इतिहासकार याची मोठी रंगतदार हकिगत सांगतो. एक भोळा तरुण, त्याची इस्टेट गिळायला बसलेला सावत्र बाप, आणि सगळं गुपित फोडणारी एक गणिका. रात्रीच्या सभा, व्यभिचार, विषप्रयोग, खोटी मृत्युपत्रं! सात हजारांहून अधिक स्त्रीपुरुष यात गुंतले होते आणि कैदेपेक्षा मृत्युदंडच जास्त जणांना झाला, असं तो लिहितो. पण लिव्हीचा जन्म या घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झालेला. आणि हे कथानक त्या काळच्या रोमन विनोदी नाटकासारखंच नाही का वाटत?

सुदैवाने आपल्याकडे दुसरा साक्षीदार आहे. इ. स. १६४० मध्ये दक्षिण इटलीत तिरिओलो इथे एक ब्राँझचा पत्रा सापडला. आज तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यावर सिनेटचा मूळ हुकूम कोरलेला आहे. तो काय सांगतो? पुरुषाने पुरोहित व्हायचं नाही. सामाईक निधी ठेवायचा नाही. आपापसात शपथा घ्यायच्या नाहीत. पूजेला पाचापेक्षा जास्त माणसं नकोत. दोन पुरुष, तीन स्त्रिया, बस. याहून जास्त हवं असेल तर रोमला प्रेटरकडे यायचं, आणि किमान शंभर सभासद हजर असताना सिनेटने परवानगी द्यायची. हुकूम मोडला तर मृत्युदंड.

नीट बघा, लिव्हीने रंगवलेला अनाचार इथे कुठेच नाही. इथे आहेत निधी, शपथ, पदाधिकारी आणि माणसांची संख्या, म्हणजे एखादी संघटना ज्यावर उभी राहते ते सगळं. बाकसवर संपूर्ण बंदीही नाही. दोन्ही घटनांत रोमचा प्रश्न एकच दिसतो: ही पूजा कोणाच्या हातात आहे? महामातेला सिनेटने बोलावलं होतं. बाकसचे भक्त मात्र स्वतःहून जमले होते. त्यांत स्त्रिया होत्या, गुलाम होते आणि रोमची दोस्त म्हणवणाऱ्या गावांतली माणसंही होती.

याच देवावर युरिपिडीसने ‘बाकाय’ हे नाटक लिहिलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्ये रंगभूमीवर आलं. त्यात पेन्थियस राजा ही पूजा दडपायला निघतो आणि स्वतःच्या आईच्याच हातून मारला जातो. अथेन्सने हा प्रश्न डायोनिससच्याच सरकारी उत्सवात, हजारो नागरिकांसमोर मांडला. रोमने तो ब्राँझवर कोरून मिटवायचा प्रयत्न केला.

आणि ज्यांना शिक्षा झाली ती माणसं? त्यांचं म्हणणं ना लिव्हीत आहे, ना त्या पत्र्यावर. म्हणून रोमच्या धार्मिक उदारतेबद्दल बोलताना आपण महामातेचं देऊळ जरूर आठवूया, पण तो पत्राही विसरायला नको.