शेवटची पाच मिनिटं

आजी व्हिडिओ कॉलवर पानशेतच्या पुराबद्दल सांगत होती. ती कसबा पेठेतच वाढली, पूर आला तेव्हा अकरा वर्षांची होती. मी बंगळुरूत. लॅपटॉपवर गेमसाठी लावलेलं रिप्ले बफर चालूच होतं. स्क्रीन सतत रेकॉर्ड होत राहते आणि बटण दाबलं की फक्त मागची पाच मिनिटं सेव्ह होतात. आजी बोलायची थांबली, तेव्हा कुठे मला बटण आठवलं.

१२ जुलै १९६१च्या सकाळी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्याने एकोणिसाव्या शतकातलं खडकवासल्याचं दगडी धरणही त्याच दिवशी फोडलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आजीने पाणी चढताना काय पाहिलं, कुणाचा हात धरून ती पळाली, हे सगळं सांगितलं होतं. माझ्या फाइलमध्ये त्यातलं काहीच नाही. आहे ते नंतरचं: घरातला चिखल, कोरडे नळ, वाड्यातल्या आडावरची रांग.

चूक सॉफ्टवेअरची नाही. रिंग बफर म्हणजे मेमरीतलं रहाटगाडगं. जागा ठरावीक, ती भरली की लिहिणारा पुन्हा सुरुवातीला येतो आणि सगळ्यात जुन्या मजकुरावर नवा लिहितो.

ही युक्ती गेमिंगहून बरीच जुनी आहे. १९५३ साली कलकत्त्याजवळ आणि १९५४ साली भूमध्य समुद्रात कॉमेट जातीची जेट विमानं कोसळली. शेवटच्या क्षणी आत काय घडलं, हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं. तेव्हा मेलबर्नच्या डेव्हिड वॉरन यांनी विमानातला आवाज टिपणारं यंत्र सुचवलं. त्यांच्या नमुना यंत्रात पोलादी तारेवर चार तासांचं ध्वनिमुद्रण राहायचं, त्याआधीचं आपोआप पुसलं जायचं. पुढे कॉकपिटमधल्या टेपवर तीसच मिनिटं राहू लागली. २०१३मध्ये एनव्हिडियाच्या शॅडोप्लेने आणि प्लेस्टेशन ४ने तीच सोय गेम खेळणाऱ्यांच्या हातात दिली.

या सगळ्यामागे एक गृहीतक आहे: महत्त्वाचं ते शेवटी घडतं. विमान पडतं, गोल होतो, मग मागे वळून पाहायचं. अपघातासाठी हे बरोबर आहे. आजीच्या गोष्टीत महत्त्वाचं आधीच सांगून झालं होतं.

आणि आजीची स्मृती नेमकी उलटी चालते. सकाळची गोळी घेतली का, हे तिला आठवत नाही. १९६१ साली पाण्याला कसला वास येत होता, ते आठवतं. तिच्याकडे जुनं टिकतं आणि नवं पुसलं जातं, माझ्या लॅपटॉपवर नवं टिकतं आणि जुनं पुसलं जातं. आमच्या दोघांच्या मधून पूर निसटला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. "अरे, कालच तर सांगितलं ना तुला?" ती म्हणाली. हे मात्र तिच्या बरोबर लक्षात होतं. पण सांगितलं. थोडं वेगळं, थोडं कमी. या वेळी मी साधं रेकॉर्डिंग लावलं होतं, तिने 'हॅलो' म्हणायच्या आधीपासून.