तीन पिना, एक छिद्र आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

आजीचा आवाज एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचा, असं आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ठरवलेलं असतं. कुणाला गावातल्या भजनी मंडळाचं गाणं हवं असतं, कुणाला पॉडकास्ट सुरू करायचा असतो. मोबाइलचा माइक पुरत नाही म्हणून ओळखीच्या साउंडवाल्याकडून स्टेजवरचा चांगला माइक आणला जातो. खिशात मावणारा एक छोटा रेकॉर्डरही मिळतो. माइकच्या केबलला तीन पिनांचं जाडजूड टोक असतं आणि रेकॉर्डरला साडेतीन मिलिमीटरचं छिद्र. मध्ये एक स्वस्तातला ॲडॉप्टर लावला की झालं काम, असं वाटतं.

बऱ्याचदा होत नाही. बिघडण्याचे तीन प्रकार ठरलेले आहेत. पहिला, काहीच रेकॉर्ड होत नाही. दुसरा, आवाज येतो पण त्याच्यामागे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी खरखर सतत चालू असते. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. हेडफोनमध्ये आवाज थोडा पोकळ पण ठीक ऐकू येतो, आणि तीच फाइल एका स्पीकरच्या फोनवर किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली की आजीच गायब होते.

यात माइक बिघडलेला नसतो आणि रेकॉर्डरही. ती दोन यंत्रं दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत, आणि ती घराणी कशी वेगळी झाली याची गोष्ट जवळपास दीडशे वर्षांची आहे.

दोन तारांचं शहाणपण

सुरुवात टेलिफोनपासून होते. आरंभीच्या काळात टेलिफोनचा आवाज एका तारेतून जायचा आणि परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरली जायची. शेजारून तारायंत्राची किंवा विजेची तार गेली की तिचा आवाज बोलण्यात मिसळायचा. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं यावर तोडगा काढला. दोन तारा घ्या आणि त्या एकमेकींभोवती पिळा. आपल्या लॅपटॉपच्या नेटवर्क केबलमध्ये आजही तेच असतं.

यातली युक्ती समजायला किराणा दुकान पुरतं. डब्यात तेल मोजून द्यायचं असेल तर दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. डब्याचं वजन दोन्ही पारड्यांत सारखं झालं की उरतं ते फक्त तेलाचं. माइकच्या दोन तारांतही तसंच होतं. एका तारेत आवाज सुलट जातो, दुसरीत उलट. बाहेरून घुसलेली गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच येते. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं. फरक काढला की सारखी असलेली गुणगुण कटते आणि आवाज उरतो. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. ही रीत टेलिफोनकडून रेडिओ आणि सिनेमाच्या स्टुडिओंनी उचलली, कारण तिथेही लांबलचक केबल टाकाव्या लागत.

त्या केबलच्या टोकाला जे तीन पिनांचं कनेक्टर आलं, ते लॉस एंजेलिसच्या कॅनन इलेक्ट्रिक कंपनीचं. आधी तिची एक्स मालिका होती. मग ओढल्यावर निसटू नये म्हणून खटका आला, तो एल. नंतर आत रबर आलं, तो आर. असं झालं एक्सएलआर. पिन १ वर केबलचं जाळीदार आवरण, २ वर सुलट तार, ३ वर उलट तार.

आता तिसऱ्या प्रकाराचं कोडं सुटतं. छोट्या रेकॉर्डरचं छिद्र स्टीरिओ असतं. प्लगचं टोक म्हणजे डावा चॅनेल, मधली कडी म्हणजे उजवा आणि बुंधा म्हणजे ग्राउंड. बाजारातले अनेक ॲडॉप्टर सुलट तार टोकाला जोडतात आणि उलट तार कडीला. म्हणजे डावीकडे आजी सुलट, उजवीकडे तीच आजी उलट. हेडफोनमध्ये दोन कानांत दोन वेगळे आवाज जातात, म्हणून ती ऐकू येते. मोनो स्पीकर डावं आणि उजवं एकत्र करतो. अधिक एक आणि उणे एक, बरोबर शून्य. बाहेरचा गोंगाट घालवण्यासाठी शोधलेली बेरीज-वजाबाकी इथे चुकीच्या जागी होते आणि माणसालाच घालवते.

नॉर्वेतले दिवे

पहिल्या प्रकारातल्या शांततेचं कारण वीज आहे.

१९१६ मध्ये ई. सी. वेंटे या अमेरिकन शास्त्रज्ञानं कंडेन्सर माइक तयार केला. एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे एक धातूची चकती, दोघांवर विद्युतभार. आवाजानं पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर व्होल्टेजही. कुजबुजीतले बारकावेसुद्धा हा माइक टिपतो, पण त्याचा संकेत इतका नाजूक असतो की माइकच्या पोटातच ॲम्प्लिफायर बसवावा लागतो. त्या काळी ॲम्प्लिफायर म्हणजे काचेची व्हॉल्व्ह. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये असे माइक विकायला काढले, तेव्हा व्हॉल्व्ह तापवायला एक वीजपुरवठा आणि बाकी कामाला दुसरा लागत असे. माइक म्हटलं की त्याच्यासोबत विजेची एक पेटी आलीच.

ट्रान्झिस्टर आल्यावर ही भूक एकदम कमी झाली. तरी वीज द्यायची कुठून, हा प्रश्न होताच. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीची माणसं नॉर्वेच्या सरकारी रेडिओकडे नवे ट्रान्झिस्टरचे माइक घेऊन गेली. वेगळी पेटी नको, आवाजाच्या केबलमधूनच वीज जाऊ दे, असं नॉर्वेवाल्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता. तोच वापरायचं ठरलं. आज जगभरातल्या मिक्सरवर '+४८' लिहिलेलं जे बटण असतं, त्यातला आकडा त्या दिव्यांचा आहे.

ही वीज दोन्ही तारांना ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून सारखीच दिली जाते. पुन्हा तोच धडा: दोन्ही पारड्यांत सारखं वजन, म्हणून फरक मोजणाऱ्याला ती दिसतच नाही. असून नसल्यासारखी, म्हणून तिचं नाव फँटम, भुताटकीची वीज.

छोट्या रेकॉर्डरच्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रात हे भूत राहत नाही. तिथे कंडेन्सर माइक जोडला तर तो उपाशीच राहतो, आणि उपाशी माइक गप्प बसतो.

गरिबांचा माइक

मग त्या छिद्रात काय असतं? तिथे दुसऱ्या घराण्याची गोष्ट सुरू होते.

१९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. हा इलेक्ट्रेट माइक. पडद्याला बाहेरून भार देण्याची गरज संपली. आतल्या एवढ्याशा ट्रान्झिस्टरला दोन-चार व्होल्ट दिले की काम भागतं. माइक नखाएवढा झाला आणि स्वस्तही. लँडलाइन फोन, कॅसेट रेकॉर्डर, पहिले मोबाइल, सगळीकडे तोच गेला.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, फिलिप्सनं कॅसेट आणली. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर साडेतीन मिलिमीटरचा जॅक घरोघरी पोचला होताच. छोट्या रेकॉर्डरनी त्याच छिद्रातून इलेक्ट्रेट माइकला थोडी वीज द्यायला सुरुवात केली. तिला प्लग-इन पॉवर म्हणतात. एकीकडे ४८ व्होल्ट, दुसरीकडे दोन-चार. एकीकडे फरक मोजणाऱ्या दोन तारा, दुसरीकडे एक तार आणि ग्राउंड. दोन्ही घराण्यांत माइकमधून वीज आणि आवाज एकाच केबलनं जातात, पण त्यांची भाषा जुळत नाही.

त्याच काळात व्यावसायिक मंडळींकडे नाग्रा होता. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तो बनवला. पोलिश भाषेत नावाचा अर्थ होतो 'रेकॉर्ड करेल'. खांद्याला अडकवायचा हा टेपरेकॉर्डर सिनेमा आणि रेडिओवाल्यांचा लाडका होता, पण सामान्य माणसाच्या आवाक्यातला कधीच नव्हता. १९८२ मध्ये सोनीनं वॉकमन प्रोफेशनल आणला आणि दर्जेदार रेकॉर्डिंग हातात मावू लागलं. माइकचं छिद्र मात्र तेच, साडेतीन मिलिमीटरचं.

दुसऱ्या प्रकारातली खरखर इथून येते. स्टेजवर सर्रास दिसणारा शुअर एसएम५८ हा माइकही १९६६ चाच. तो डायनॅमिक आहे, त्याला वीज लागत नाही. पण समोर बऱ्यापैकी मोठा आवाज असला तरी तो जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो. इलेक्ट्रेट माइक सहसा त्याच्या कित्येक पट देतो, आणि छोट्या रेकॉर्डरचा ॲम्प्लिफायर त्या हिशेबानं बनवलेला असतो. एसएम५८ लावला की गेन शेवटपर्यंत फिरवावा लागतो, आणि मग आजीबरोबर ॲम्प्लिफायरची स्वतःची कुरकुरही मोठी होते.

कुणाचा आवाज उरतो

हे सगळं केबलपुरतं असतं तर इतकं लिहायची गरज नव्हती. पण कुणाचे आवाज उरले आणि कुणाचे गेले, हे पुष्कळदा अशाच गोष्टींनी ठरलं आहे. नाग्रा ज्यांच्याकडे होता, त्यांना जो आवाज जपण्यासारखा वाटला तो जपला गेला. बाकीचा हवेत विरला.

महाराष्ट्रात याला एक मोठा अपवाद आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. बहुतेक काम वही-पेनानं झालं. १९९५ च्या अखेरीस बर्नार बेल हा फ्रेंच इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला. त्यानं ओव्यांचा डेटाबेस उभा केला आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर ते क्रमाक्रमानं येत आहे. पिठाच्या गिरण्या आल्यावर घरोघरची जाती कोपऱ्यात गेली आणि दळताना सुचणारी ओवीही मागे पडली. लाखभर ओव्यांचे शब्द कागदावर आहेत. पण बाईचा गळा कुठे दाटतो, जात्याच्या फेऱ्याबरोबर श्वास कुठे तुटतो, हे फक्त त्या १२० तासांत आहे. त्या दिवशी केबल चुकीची असती तर ते तिथेही नसतं.

सासर-माहेर

दोन घराण्यांचं लग्न लागलं ते २००६-०७ च्या सुमारास. झूम कंपनीच्या एच४ या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरला दोन एक्सएलआर खाचा होत्या आणि ४८ व्होल्टही. आत पेन्सिल सेल फक्त दोन, म्हणजे ३ व्होल्ट. त्यांचे ४८ करायचे तर हिशेब सोपा आहे. माइकला ५ मिलिअँपिअर लागले तर दोन माइकांचे जवळपास अर्धा वॅट. रूपांतरातली गळती धरली तर सेलवर ०.२ अँपिअरचा भार, तोही रेकॉर्डरचं स्वतःचं पोट भरण्याआधी. म्हणून फँटम चालू केलं की सेल भराभर उतरतात. जास्तीचे सेल जवळ ठेवायचे ते यासाठी.

तुमच्या रेकॉर्डरला एक्सएलआर नसेल तरी मार्ग आहेत. कंडेन्सर माइक असेल तर बॅटरीवर चालणारी फँटमची छोटी पेटी मध्ये लावा, आणि तिच्यातून निघणारी केबलही खालच्या हिशेबानंच जोडा. डायनॅमिक असेल तर तोंडाच्या चार बोटं जवळ धरा, म्हणजे गेन कमी लागेल. ॲडॉप्टर घेताना विचारा, किंवा मल्टिमीटर लावून स्वतः पाहा: पिन २ टोकाला आणि कडीला दोन्हीकडे गेली पाहिजे, पिन १ आणि ३ बुंध्याला. रेकॉर्डर प्लग-इन पॉवर देत असेल तर डायनॅमिक माइक लावताना ती मेन्यूतून बंद करा.

आणि एक चाचणी फुकट आहे. एक मिनिट रेकॉर्ड करा, फाइल फोनवर घ्या, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा आणि ऐका. आवाज राहिला तर पुढे जा. गेला तर ॲडॉप्टर बदला. हे आजीसमोर बसल्यावर, पहिल्या ओवीच्या आधी करायचं. ॲडॉप्टर पुन्हा विकत मिळतो.