जन्मसमयींची इजा : तिचीं कारणें व उपाय

पायाळू माणसाला भूमींतलें गुप्तधन दिसतें, आणि कुणाची कंबर लचकली तर पायाळूनें पाय लावतांच उसण उतरते, अशा समजुती महाराष्ट्रांत घरोघर चालत आल्या आहेत. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं त्या आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. पायाळू म्हणजे ज्याचे पाय आधीं बाहेर आले तें मूल. अशा जन्मांत धड मोकळें होऊन डोकें मागें अडकण्याचा संभव असतो. तेवढ्या वेळांत मुलाचा श्वास कोंडतो, किंवा ओढाताणीनें खांद्याजवळच्या शिरा दुखावतात. जीं मुलें यांतून सुखरूप सुटलीं त्यांच्याभोंवतीं दंतकथा जमल्या. जीं पंगु झालीं त्यांच्याविषयीं, सटवीनें कपाळीं लिहिलें तेंच झालें, असें म्हणून घर गप्प बसलें. नाहींतर आईनें ग्रहण नीट पाळलें नाहीं, असा ठपका त्या माउलीवर आला.

प्राचीन वैद्यांनीं मात्र या प्रश्नाकडे डोळसपणें पाहिलें होतें. सुश्रुतसंहितेंत अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटलें असून कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. परिघ म्हणजे दाराचा अडसर. मूल आडवें आलें म्हणजे वाट कशी बंद होते, हें एका शब्दांत सांगणारी ही उपमा आहे. पण हे चारच प्रकार मानणें पुरेसें नाहीं, असेंही तेथेंच बजावलें आहे.

जन्मवेळेच्या इजेचा मुलाच्या पुढील आयुष्याशीं संबंध जोडण्याचें काम १८६१ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम लिटल यांनीं केलें. अवघड प्रसूति, अकालीं जन्म आणि जन्मतःच कोंडलेला श्वास यांमुळें मुलांचे हातपाय ताठरतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. पुढें मनोविश्लेषणामुळें प्रसिद्धि पावलेले व्हिएन्नाचे डॉ. फ्रॉइड यांनीं १८९७ सालीं शंका काढली कीं, अवघड प्रसूति हें कित्येकदां कारण नसून, गर्भांतच आधीं झालेल्या बिघाडाचें तें लक्षण असावें. या शंकेला आज पुष्कळ बळकटी आली आहे. मेंदूच्या अशा पंगुत्वांपैकीं बऱ्याच प्रकरणांत मूळ कारण प्रसूतीच्या आधींच घडलेलें असतें. म्हणून प्रत्येक वेळीं सुइणीला किंवा डॉक्टरांना दोषी धरणें हेंही ग्रहणाला दोष देण्याइतकेंच अविचाराचें होय.

पुण्यापुरतें पाहिलें तर या इतिहासांत पहिलें नांव डॉ. आनंदीबाई जोशी यांचें येतें. चौदाव्या वर्षीं त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतांना त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांतच त्यांचें निधन झालें. ज्ञान घरीं परत आलें, पण तें वापरणारा हात उरला नाहीं. अशा हातांची जोपासना पुढें संस्थांनीं केली. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं स्थापिलेल्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयाच्या साह्यानें परिचारिका तयार केल्या. १९१२ सालीं रास्ता पेठेंत के. ई. एम. रुग्णालयाचा आरंभ एका लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपानें झाला. १९४४ सालीं तेथें आलेल्या डॉ. बानू कोयाजी यांनीं त्याला मोठें केलें.

आतां उपायांकडे वळूं. पुष्कळशा इजा निसर्गच बऱ्या करतो. डोक्यावरची मऊ सूज दोन-चार दिवसांत ओसरते. हाडावरच्या आवरणाखालीं रक्त सांकळून आलेल्या टेंगळाला कित्येक आठवडे लागतात. डोक्याला आकार यावा म्हणून तें तेलानें चोळणें किंवा दाबणें मात्र कटाक्षानें टाळावें. गळपट्टीचें मोडलेलें हाड बहुधा आपोआप सांधतें. खांदा अडकून हात लुळा पडला असतां बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत सुधारतात. त्यांना डॉक्टरांनीं शिकविलेला हलका व्यायाम द्यावा, आणि तीन महिन्यांतही कोपर वळेनासें झालें तर शस्त्रवैद्याचा सल्ला घेण्यांत विलंब करूं नये.

कोंडलेल्या श्वासाची गोष्ट निराळी. तेथें हिशेब मिनिटांचा असतो. मूल रडलें नाहीं तर त्याला कोरडें करून ऊब द्यावयाची, आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास पिशवी व मुखवटा यांच्या साह्यानें पहिल्या मिनिटाच्या आंतच हवा द्यावयाची. अमेरिकेंतील डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५२ सालीं श्वास, नाडी, रंग, स्नायूंचा जोम व प्रतिसाद या पांच गोष्टींना गुण देण्याची पद्धति घातली. तेव्हांपासून नवजात मुलाकडे पाहण्याला शिस्त आली. मुलाचें शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपाय पाश्चात्त्य देशांत गुणकारी ठरला. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील प्रयोगाचे जे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत लाभ न दिसतां मृत्यु वाढलेले आढळले. परक्या भूमींतला उपाय पारखूनच घ्यावा लागतो.

उलट गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतल्याच स्त्रियांना नवजात बालकाची शुश्रूषा व श्वास देण्याची विद्या शिकविली, आणि तेथील नवजात बालकांचें मृत्युप्रमाण निम्म्याहून अधिक उतरल्याचें १९९९ सालीं जगापुढें आलें.

मूल वांचलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९८७ ते १९८९ या काळांत जन्मलेल्या, दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांचा मागोवा अठराव्या वर्षापर्यंत घेतला. नाजूक अवस्थेंत जन्मलेल्या मुलाकडे किती काळ लक्ष ठेवावें लागतें, याचा हा वस्तुपाठ आहे. मान धरण्यास, बसण्यास वा हात उचलण्यास उशीर होत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबूं नये. लवकर हेरलेल्या मुलाला व्यायाम व शिक्षण यांचा अधिक लाभ मिळतो. तो मिळवून देणें घरच्यांच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं आईला दोष देणें थांबवावें लागेल. कारण जिला बोल लागण्याची भीति आहे, ती माउली मुलाचें न्यून डॉक्टरांपुढें मोकळेपणानें मांडूं धजत नाहीं.