रस्ता रुंद होतो तेव्हा खर्च कोण देतो?

नगरपालिकेच्या सभेपुढे एखाद्या वस्तीतील रस्त्याच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव येतो, तेव्हा त्याला जोडलेल्या नकाशावर सामान्यतः दोन रेषा असतात. एक आज असलेल्या रस्त्याची, दुसरी व्हावयाच्या रस्त्याची. या दोन रेषांच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात कोणाचा ओटा असतो, कोणाचे दुकान, तर कोणाची एकुलती एक खोली. डांबर, खडी आणि गटार यांचा खर्च अंदाजपत्रकात रुपये-पैशांत मांडलेला असतो. पट्टीचा खर्च मात्र बहुधा ‘भूसंपादन’ या एका शब्दात गुंडाळला जातो. रस्त्यांच्या प्रकल्पांची खरी गुंतागुंत या शब्दातच आहे, असे माझे मत आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत भारतीय प्रशासनाने या पट्टीचे काय करावयाचे, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. त्यांतील चार प्रमुख उत्तरांचा इतिहास या लेखात थोडक्यात पाहू.

पहिले उत्तर सर्वांत सोपे, आणि कागदावर सर्वांत स्वस्त. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने आयुक्तांना रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरविण्याचा अधिकार दिला. रेषा आखली म्हणून लगेच कोणाचे घर पाडावयाचे नाही. परंतु घरमालक आपण होऊन घर पाडून नवे बांधू लागला, की त्याने रेषेच्या मागे सरावयाचे व पुढची जागा मोबदला घेऊन पालिकेच्या स्वाधीन करावयाची. अशीच तरतूद पुढे १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही आली. या पद्धतीत कोणावर एकाएकी आघात होत नाही. तिचे भांडवल म्हणजे संयम. पण हा संयम घरे यथाकाल नव्याने बांधली जातील, या गृहीतकावर उभा आहे. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस व नंतर १९४७ च्या कायद्याने भाडी गोठविली गेली, आणि जुने घर पाडून नवे बांधण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. एका कायद्याने आखलेली रेषा दुसऱ्या कायद्यामुळे कागदावरच राहिली. जेथे दोन घरे मागे सरली आणि तिसरे जागेवरच राहिले, तेथे रस्ता करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला. अनेक शहरांच्या जुन्या पेठांत असे रस्ते वाचकांनी पाहिले असतील.

दुसरे उत्तर संकटाच्या पोटी जन्मले. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. साथीने शहर रिकामे होऊ लागले, आणि हवा व उजेड न शिरणाऱ्या दाट वस्त्या हेच रोगाचे मूळ, असे त्या काळच्या सरकारचे मत झाले. १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्यापुढे ग्लासगो शहराचा १८६६ चा प्रयोग होता. ट्रस्टला कर्जरोखे काढण्याचा अधिकार होता, सरकारी व पालिकेच्या मोकळ्या जमिनी तिच्याकडे सोपविल्या गेल्या, आणि पालिकेने दरवर्षी अंशदान द्यावे असे ठरले. प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग), सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) आणि महंमद अली रोड हे दाट वस्ती कापून काढलेले रस्ते ट्रस्टचेच.

ट्रस्टची आर्थिक कल्पना वरवर पाहता तर्कशुद्ध होती. रस्त्यापुरतीच जमीन न घेता दोन्ही बाजूंची अधिक जमीन घ्यावयाची, रस्ता झाल्यावर दर्शनी भूखंड चढ्या भावाने भाडेपट्ट्याने द्यावयाचे, आणि त्या उत्पन्नातून रस्त्याचा खर्च भागवावयाचा. सार्वजनिक खर्चामुळे वाढलेले मूल्य सार्वजनिक तिजोरीत यावे, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पटेल. व्यवहारात दोन गोष्टी आड आल्या. एक, मोबदला घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असे. ज्या मालकाने एका खोलीत दोन कुटुंबे कोंबली, त्याचे उत्पन्न अधिक, म्हणून त्याचा मोबदलाही अधिक. जी गर्दी हटविण्यासाठी कायदा झाला, तिलाच कायद्याने भाव मिळवून दिला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मोबदला मालकाला मिळाला. भाडेकरूच्या वाट्याला केवळ घर सोडण्याची नोटीस आली. ट्रस्टने बांधलेल्या चाळी पाडलेल्या खोल्यांच्या मानाने उशिरा आणि अपुऱ्या आल्या. कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे न परवडणारी माणसे शेजारच्या गल्लीत शिरली, आणि तेथील दाटी वाढली. पहिल्या दशकाच्या अनुभवानंतर ट्रस्टने स्वतःच आपला रोख बदलला आणि दादर, माटुंगा, वडाळा या उत्तरेकडील मोकळ्या भागांच्या विकासावर भर दिला. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. ‘बी. आय. टी. चाळ’ हे नाव मात्र मुंबईकरांच्या तोंडी राहिले, डॉ. आंबेडकरांचे कुटुंब परळच्या अशाच एका चाळीत राहत होते.

तिसरे उत्तर एका स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाचे. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून भारतात आले. त्यांचे नगररचना प्रदर्शन ज्या जहाजावर होते ते जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडविले, तरी नवे साहित्य जमवून १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. पुढील काही वर्षांत त्यांनी मदुरा, तंजावर, बलरामपूर, लाहोर, इंदूर अशा अनेक नगरांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. अभियंत्याने मेजावर बसून पट्टीने सरळ रेषा ओढावी, ही पद्धत त्यांना अमान्य होती. ते गल्लीतून पायी हिंडत. कोणते घर पडीक आहे, कोणती विहीर वापरात आहे, झाडाखाली बायका कोठे बसतात, मुले कोठे खेळतात, हे ते टिपून घेत. मग पडीक घरे तेवढी काढून छोटे चौक मोकळे करावेत, गल्लीला वळण द्यावे लागले तरी चालेल पण नांदते घर वाचवावे, असा आराखडा ते देत. या पद्धतीस त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली: जेवढे सडले तेवढेच कापावयाचे. असा आराखडा अभियंत्याच्या सरळ रस्त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतो, असा त्यांचा दावा असे, आणि त्याचे कारण उघड आहे. सर्वांत मोठा खर्च जागेच्या मोबदल्याचा, आणि तोच त्यांनी टाळला होता.

इंदूरची हकिकत या संदर्भात मोलाची आहे. होळकर दरबारासाठी गेडिस यांनी १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. शहरात प्लेगचे भय होते, आणि पाहणी करीत हिंडणाऱ्या या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत. हा आला म्हणजे आता घर पडणार, अशी समजूत. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची कल्पना काढली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील लोकांनी घरांची दुरुस्ती व सफाई उत्तम केली असेल, त्या रस्त्यांवरून जाईल, असे जाहीर झाले. लोकांनी गल्ल्या झाडल्या, घरे रंगविली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा मला या मिरवणुकीची आठवण झाली. दोहोंत थेट कार्यकारणसंबंध आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण रस्त्याच्या कामात नागरिकाला अडथळा न मानता भागीदार मानता येते, हे त्या शहराने एक शतक आधी पाहिले होते.

चौथे उत्तर कायद्याच्या पुस्तकातले, आणि मुंबई इलाख्याचे. १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम हा या विषयावरील देशातील पहिला कायदा. त्यामागे इंग्लंडचा १९०९ चा कायदा आणि जर्मनीतील फ्रँकफुर्टचा अनुभव होता. जमीन विकत घ्यावयाची नाही. सर्व मालकांच्या जमिनी काही काळ एकत्र मानावयाच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या ‘अंतिम भूखंडां’च्या रूपाने त्याच मालकांना परत द्यावयाची.

याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दहा मालकांचे प्रत्येकी १०० चौरस मीटरचे भूखंड आहेत, आणि भाव मीटरला १००० रुपये. रस्त्यासाठी प्रत्येकाचे २० मीटर गेले. रस्ता झाल्यावर भाव १५०० होणार आहे. कापलेल्या २० मीटरचा जुन्या भावाने मोबदला २० हजार. उरलेल्या ८० मीटरची मूल्यवाढ मीटरला ५०० प्रमाणे ४० हजार. कायद्याप्रमाणे तिच्यातील निम्म्यापर्यंतचा हिस्सा, म्हणजे २० हजार, मालकाने पालिकेस द्यावयाचा. दोन्ही रकमा एकमेकींत वजा होतात. मालकाचा १ लाखाचा भूखंड १ लाख २० हजारांचा झाला, आणि पालिकेला तिजोरीतून एक पैसा न देता २०० मीटर जागा मिळाली. कोणी विस्थापित झाला नाही.

हे गणित इतके सुबक असूनही सर्वत्र का चालले नाही? पहिले कारण कालहरण. मसुदा, हरकती, शासनाची मंजुरी, प्रत्येक भूखंडाचे मूल्यांकन, अपिले या सर्वांत वर्षांमागून वर्षे जात, आणि तोवर ठरविलेले भाव निरर्थक होत. १९६० नंतर महाराष्ट्राने १९६६ चा व गुजरातने १९७६ चा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात या योजना मागे पडल्या. गुजरातने त्या चिकाटीने चालू ठेवल्या, आणि १९९९ च्या दुरुस्तीने मसुदा मंजूर होताच रस्त्याची जागा ताब्यात घेण्याची मुभा दिली. दुसरे कारण अधिक मूलभूत. हे गणित मोकळ्या जमिनीचे आहे. जेथे भूखंडावर तीन पिढ्यांचे घर उभे आहे, तेथे सीमा सरकविणे म्हणजे भिंत पाडणे. म्हणून ही पद्धत शहरांच्या कडेला रुळली, पोटात नाही.

भूज शहराने या नियमाला अपवाद घडविला, आणि तोही दारुण कारणाने. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जुन्या तटबंदीच्या आतील शहराचा मोठा भाग कोसळला. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या, की पडलेल्या घरांनीच त्या बंद झाल्या. माणसांना बाहेर पडता आले नाही आणि मदत आत जाऊ शकली नाही. रस्ते रुंद हवेत, हे पुन्हा कोणाला समजावून सांगावे लागले नाही. घरे पडलेली असल्याने जमीन, दुर्दैवाने, पुन्हा ‘मोकळी’ झाली होती. भूज क्षेत्र विकास प्राधिकरणाने अहमदाबादच्या नियोजकांच्या साहाय्याने तटबंदीतील भागासाठी नगररचना योजना आखल्या. आराखडे लोकांपुढे मांडले गेले, हरकती ऐकल्या गेल्या. सर्वांना सारखी कपात न लावता ती भूखंडाच्या आकाराप्रमाणे चढती ठेवली: अगदी लहान भूखंडाला सूट, मोठ्याला अधिक. ज्याचे घर मुळातच दोन खोल्यांचे, त्याच्याकडून रस्त्याने काही मागू नये, हे तत्त्व मला या सबंध इतिहासातील सर्वांत न्याय्य पाऊल वाटते. गर्दी कमी व्हावी म्हणून शहराबाहेर पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीही वसविल्या गेल्या.

तरीही भूजच्या नकाशातून एक जण निसटला. १८९८ च्या मुंबईत जो निसटला होता, तोच: भाडेकरू. योजनेची वही मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड यांची, म्हणजे मालकांची. जुन्या शहरात नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबांच्या नावे त्या वहीत रकाना नव्हता. घर पडल्यावर मालकाकडे जमीन उरली. भाडेकरूकडे त्या जागी परतण्याचा हक्कही उरला नाही. पद्धती बदलल्या, कायदे सुधारले, पण मालकी हाच नगररचनेच्या नोंदीचा एकमेव आधार राहिला.

१९९२ च्या चौहत्तराव्या घटनादुरुस्तीने रस्ते व नगररचना हे विषय नगरपालिकांकडे सोपविण्यासाठी बाराव्या अनुसूचीत घातले, आणि तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाची जबाबदारी टाकली. म्हणजे आज रस्त्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती साधने आहेत. त्याने निविदा काढण्यापूर्वी त्या चिंचोळ्या पट्टीचे एक साधे नोंदपत्रक करावे, एवढेच मला सुचवावेसे वाटते. त्यात मालकाबरोबरच भाडेकरूचा, दुकानात काम करणाऱ्याचा आणि पदपथावरील फेरीवाल्याचा स्वतंत्र रकाना असावा. प्रत्येकापुढे तो काय गमावणार व काय मिळविणार, हे लिहिलेले असावे. आणि हे पत्रक अंदाजपत्रकाबरोबर सभेपुढे यावे. ज्याच्या घराचा भाव वाढला पण ज्याला घर विकावयाचे नाही, त्याला ती वाढ खर्चता येत नाही, हेही त्यात नोंदले जावे. अशा पत्रकाने काही रस्ते दोन मीटर अरुंद होतील आणि काही रस्त्यांना वळण द्यावे लागेल. पण जो खर्च आजवर भाडेकरू आणि फेरीवाले निमूटपणे सोसत आले, तो निदान अंदाजपत्रकात आकड्याने दिसेल, आणि मत देणाऱ्या नगरसेवकाला तो वाचून मत द्यावे लागेल.