ड्युटीवर लूट झाली? कंपनीच्या रकमेसोबत स्वतःचं नुकसानही फिर्यादीत लिहून घ्या

बचत गटाची वसुली करून परतणारा फायनान्सचा कर्मचारी, पंपावरचा रात्रपाळीचा कामगार, दुधाचं पेमेंट घेऊन निघालेला टेम्पोचालक... लूट झाली की बातमी होते ती कंपनीच्या रकमेची. पण त्याच झटापटीत कर्मचाऱ्याचा मोबाइल, खिशातले पैसे, हप्त्यावर घेतलेली दुचाकीही जाते. कंपनीच्या रोकडीचा बऱ्याचदा विमा असतो. तुमच्या वस्तू त्यात सहसा येत नाहीत. त्यासाठी स्वतःच धावपळ करावी लागते.

फिर्याद देताना

आधी ११२ ला फोन करा. हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

खरी चूक इथंच होते. फिर्याद मॅनेजर सांगतो, रक्कम कंपनीची लिहिली जाते आणि तुमचा मोबाइल, घड्याळ, रोख राहून जाते. सही करण्याआधी वाचून बघा. काही राहिलं असेल तर तपासी अंमलदाराकडे पुरवणी जबाब द्या. गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा.

मोबाइल

सिम आणि बँकेचं ॲप लगेच बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर कळवा. डुप्लिकेट सिम घेतल्यावर एफआयआरची प्रत जोडून ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो. आयएमईआय क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो.

दुचाकी

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. फुल विमा असेल तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवा. गाडी सापडली नाही तर पोलिसांच्या ‘अ समरी’चा कागद क्लेमला लागतो. गाडीवर कर्ज असेल तर क्लेमच्या रकमेतून आधी ते वळतं होतं. तोवर हप्ते थकवू नका.

पगारातून कापतो म्हणाले तर?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, गेलेली रक्कम कामगाराच्या थेट निष्काळजीपणामुळे गेली असेल तरच पगारातून कापता येते. तीही बाजू मांडायची संधी दिल्यानंतरच. चाकूच्या धाकावर हिसकावलेली बॅग हा काही आपोआप तुमचा निष्काळजीपणा ठरत नाही. म्हणून ‘माझ्या हलगर्जीपणामुळे रक्कम गेली’ अशा मजकुरावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. कपात झालीच तर कारण लेखी मागा आणि कामगार कार्यालयात तक्रार द्या.

मार लागला असेल तर

सरकारी दवाखान्यात तपासणी करून दाखला घ्या. कामावर असताना कामामुळे झालेली इजा असेल तर ईएसआयकडून, ईएसआय नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. गंभीर इजेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईचा अर्जही करता येतो. त्यासाठी आरोपी सापडलाच पाहिजे असं नाही.

मुद्देमाल सापडल्यावर

आरोपी पकडले, वस्तू जप्त झाल्या, तरी त्या आपोआप घरी येत नाहीत. कोर्टात अर्ज करून, मालकीचा पुरावा आणि बंधपत्र देऊन ताबा मिळतो. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विचारा, पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

आजच एक काम करून ठेवा. मोबाइलचं बिल, आयएमईआय, गाडीचं आरसी आणि विमा यांचे फोटो घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा. स्वतःचाच फोन गेल्यावर त्यातले कागद काय कामाचे?